टेल नंबर आणि लॉगबुक

शुक्रवारी रात्री डेक्कन क्वीननं पुण्यात उतरले. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली ही गाडी. डबे 1966मध्ये बदलले, 1995मध्ये पुन्हा बदलले आणि 2022मध्ये सगळे नव्या, एलएचबी बनावटीचे आले. तरी दरवर्षी पुणे स्टेशनवर तिचाच वाढदिवस साजरा होतो, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

सकाळी मामांबरोबर घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेले. मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा दुरुस्त करणारे, होते. तिथं मिग-23 बीएन हे लढाऊ विमान उभं आहे. या जातीची विमानं कारगिलच्या लढाईत उडाली आणि 2009मध्ये निवृत्त झाली. पोटाखाली वाकून पाहिलं, तर रंगाच्या हातांखाली रिव्हेटांच्या रांगा जेमतेम दिसत होत्या. मामा अंदाजानंच एकेका रांगेकडे बोट दाखवत गेले.

"हे आता उडणार नाही गं, म्हणून याचं आतलं तसंच राहील. उडतं ठेवायचं तर पत्रा गंजला की काढायचा, रिव्हेट सैल झाली की ड्रिल मारून पाडायची, स्पारला, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईला, तडा गेला तर तोही बदलायचा."

"मग मूळचं काय उरतं, मामा?"

"लॉगबुक. काय काढलं, काय बसवलं, खाली कुणाची सही. ते सलग असलं की विमान तेच."

मला हे पटलं. 1940मध्ये फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर कोसळलेलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर पी9374, चाळीस वर्षांनी वाळूतून निघालं आणि 2011मध्ये पुन्हा उडालं. त्यात नवा धातू भरपूर असणारच; पण त्याची गोष्ट त्याची स्वतःचीच आहे.

आपल्या हवाई दलाच्या 'परशुराम' या जुन्या डकोटा वाहतूक विमानापाशी मात्र मी अडखळते. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन ते 2018मध्ये भारतात आलं. शेपटीवर नंबर व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा हा नंबर. पण हे विमान ते नव्हे. हे 1944मधलं दुसरं, ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नोंदणीनं उडालेलं. त्या पराक्रमाचा मान म्हणून तो नंबर रंगवणं मला आवडतं. फक्त दाराशी त्याचा स्वतःचा जुना नंबरही लिहायला हवा. इतकी वर्षं उडालेल्या विमानाचं नाव असं पुसू नये.

मामा क्षणभर गप्प राहिले. "लिहायलाच पाहिजे," म्हणाले.

दुपारी केळकर संग्रहालयात मस्तानी महालासमोर उभे राहिलो. कोथरूडच्या वाड्यातून सुटा करून इथं आणून पुन्हा उभा केलेला. हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी माणसं तिथं आवाज खाली आणून बोलतात. मामा लाकडी खांबांचे सांधे कसे बसवलेत ते बराच वेळ निरखत होते.