भिगवणचे फोटो नेमके कुठे हलतात

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणहून पक्ष्यांचे फोटो काढून परतल्यावर ‘फोटो शार्प येत नाहीत, लेन्स बदलू का?’ हा प्रश्न ठरलेला. लेन्सला बोल लावण्याआधी फोटो संगणकावर १०० टक्के झूम करून बघा. पाणी, गवत, पक्षी सगळंच एका दिशेला फरफटलंय? कॅमेरा हलला. डोळा स्वच्छ, पण पंखांची टोकं पुसट? पक्षी हलला. मागचं गवत खणखणीत आणि पक्षी मऊ? फोकस चुकला.

४०० एमएमच्या लेन्सला १/४०० सेकंद शटर, दीडपट क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर १/६००, हा हिशेब जमिनीवर उभ्या असलेल्यांचा. उजनीच्या पाण्यावर बोट डुलत असते. तिथे बसलेल्या बगळ्यालाही १/१००० लागतं, उडत्या रोहित पक्ष्याला (फ्लेमिंगो) १/२००० आणि सूर मारणाऱ्या सुरयाला (टर्न) १/३२००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरतं, पंखांची फडफड नाही.

मोड मॅन्युअल, अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६ किंवा ६.३, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ६४००. सूर्य वर यायच्या आत आयएसओ ३२०० दिसला की लोक घाबरून शटर १/५०० वर आणतात आणि तिथेच घात होतो. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बराच आवरता येतो, हललेला फोटो हललेलाच राहतो.

ट्रायपॉड बोटीत घेऊ नका, काठावरच ठेवा. इंजिनची थरथर त्याच्या पायांतून थेट लेन्समध्ये चढते, आणि लेन्स बोटीच्या कडेवर टेकवली तरी तेच. बसून, कोपरं बरगड्यांना चिकटवून, डावा तळवा लेन्सखाली. ‘दादा, मशीन बंद करा’ म्हटलं की नावाडी बांबूने पुढे नेतात. बोट थांबल्यावर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, मग चार-पाच फ्रेम सलग घ्या. पहिलीत बोट दाबल्याचा झटका येतो (हाताचं बोट, पाण्यातली नव्हे), मधल्या बहुधा बऱ्या निघतात.

फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्याबरोबर सरकत राहणारा), बिंदू डोळ्यावर. क्रॉप सेन्सरवर ४०० एमएम, एफ ५.६ आणि दहा मीटर अंतर असेल, तर पुढून मागे स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम १४ सेंटिमीटरचा. वंचक (लहान बगळा) चोच आपल्याकडे करून बसलेला असताना फोकस पाठीवर बसला, की डोळा गेलाच.

दहानंतर ऊन चढलं, की लांबच्या थव्याच्या कडा उकळल्यासारख्या लहरतात. तो हवेचा दोष. शटर कितीही वाढवा, फरक पडत नाही. तेव्हा लांबचे रोहित सोडा आणि काठालगतचे वंचक टिपा.