टाळ, पेटी आणि उधळ्या पुत्र

आज आमच्या चर्चमध्ये कीर्तन होतं. शेजारच्या काकूंना सहज म्हटलं, "येताय का?" तर खरंच आल्या. पेटी, तबला, टाळ, बुवांचा फेटा बघून माझ्या कानाशी लागल्या, "अगं, हे तर आमच्यासारखंच की!" आख्यान बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं: धाकटा मुलगा वाटणीचा पैसा उधळून कफल्लक होऊन घरी परततो, आणि त्याचं स्वागत पाहून थोरला भाऊ रुसून बाहेरच थांबतो. बाप धावत जाऊन पोराच्या गळ्यात पडतो तिथे काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

ही वाट रेव्हरंड ना. वा. टिळकांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. अभंग-कीर्तनातूनच ख्रिस्त सांगितला. त्याआधी फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं!

रस्त्यात अनोळखी माणसाच्या हातात धर्मप्रचाराची पत्रकं कोंबणं मला तरी कधी पटलं नाही. (मंडळीतले काहीजण रागावतील. रागावू देत.) बोलवावं, बसवावं, चहा पाजावा, विचारलं तर मोकळेपणाने सांगावं. कुणाचा देव खाली न पाडता.

घरी येताना काकूंचा प्रश्न: "मग तो थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही गं?" शुभवर्तमानात ते सांगितलेलंच नाही. काकूंचं मत, नसणारच गेला. उद्या चहाला येताहेत, तेव्हा भांडू.