आमची वाटचाल : बाराला सुटणारं स्वयंपाकघर

सिंहगड रस्त्यावरचं आमचं पोळी-भाजी केंद्र २००९ मध्ये सुरू झालं ते सासूबाईंच्या हातच्या घडीच्या पोळ्यांवर आणि शेजारच्या सोसायट्यांतल्या नोकरदार बायकांच्या भरवशावर. सुरुवातीला सगळं घरच्या ओट्यावरच चालायचं. २०१२ मध्ये गाळा भाड्याने घेतला, एकोणीस किलोचे सिलिंडर आले, अन्नसुरक्षेची नोंदणी झाली आणि पगारी माणसं ठेवायची वेळ आली. गाळा, भांडी, भाडं ही कहाणी सगळ्यांची सारखीच असते, तिच्यात फार रमत नाही. आमच्याकडे येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वेगळाच असतो : "साडेदहानंतर ऑर्डर का घेत नाही हो तुम्ही?" त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

माणसं म्हणजे आमच्याकडे बायकाच, आणि त्यातल्या बहुतेक जणी अर्ध्या दिवसाच्या. 'आठ ते बारा' ही आमच्याकडची पाळी. कुणाचं लेकरू साडेबाराला शाळेतून सुटतं, कुणाला दुपारी दोन घरची धुणीभांडी असतात, एका मावशींच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि त्यांना वेळेवर भरवावं लागतं. म्हणजे अर्धा दिवस काम करणारी बाई उरलेला अर्धा दिवस पाय पसरून बसलेली नसते. पण आमच्या धंद्यात तसा एक गोड समज आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला थांबवताना मालकालाही जरा चुकल्यासारखं वाटतं. आठ-बारावालीला थांबवताना तेवढंही वाटत नाही. बाराच तर वाजलेत!

हे मी आधी दुसऱ्या बाजूने पाहिलेलं होतं. स्वतःचा धंदा सुरू करण्याआधी एका केटररकडे अर्धा दिवस हिशेब लिहायला जायचे. तिथे कुणी कुणावर ओरडत नसे. "एवढं आटपून जा ना गं, आपलंच काम आहे," असं मालकीणबाई इतक्या प्रेमाने म्हणायच्या की नाही म्हणणारीच कोडगी ठरावी. वेळेवर पदर खोचून निघणारीला तिथे 'घड्याळवाली' म्हणत. पुढच्या आठवड्यात काम कमी असलं की "तू बुधवारनंतर ये, कळवते," हे नेमकं घड्याळवालीच्या वाट्याला यायचं. आणि जिने उचल घेतलेली असे, तिला तर विचारायचीही गरज नसे. पोरीच्या लग्नाला पंधरा हजार उचललेत म्हटल्यावर ती कुठल्या तोंडाने निघणार? ती आपणहून थांबायची. तिच्या जादा तासांचा हिशेब लिहायला माझ्याकडे कधी आला नाही, कारण तो कुणी धरतच नव्हतं.

आमच्याकडे म्हणूनच पहिल्यापासून उचलीची वही माझ्याकडे आणि कामाचा फळा जाऊबाईंकडे. कुणी किती उचल घेतली हे त्यांना माहीत नसतं, त्यांनी विचारायचंही नाही. नातेवाइकांना हा आमच्या घरातला अविश्वास वाटतो. वाटू दे.

आता पोळ्यांचं गणित सांगते, कारण वेळेचं सगळं दुखणं त्यात आहे.

किलोभर कणकेच्या आमच्या मापाने तीस-बत्तीस पोळ्या होतात. शेवटची परात पाच किलोची, म्हणजे दीडशेच्या वर पोळ्या. लाटायला तिघी, भाजायला दोघी. लाटणारीचा हात बसलेला असेल तर तासाला साठेक पोळ्या आरामात होतात, तव्यावरची जरा मागे पडली तरी. कणीक मळल्यावर वीस मिनिटं तरी झाकून ठेवावी लागते, नाहीतर पोळीला पापुद्रा सुटत नाही आणि डब्यात दुपारपर्यंत ती वातड होते. तेव्हा शेवटची परात सव्वादहाला मळली तर साडेअकराला शेवटची पोळी तव्यावरून उतरते. उरलेल्या अर्ध्या तासात तवे खरवडायचे, पोळपाट धुवायचे, ओटा पुसायचा, परातीला चिकटलेली कणीक काढायची, हातपाय धुवून साडी नीट करायची. तेव्हा कुठे बाराला बाई दाराबाहेर पडते.

आता समजा, अकराला फोन आला : "ताई, साठच पोळ्या हव्या होत्या, पाहुणे आलेत." साठ पोळ्या म्हणजे दोन किलो कणीक. लाटायला तिघींना वीसच मिनिटं. पण मळणं आलं, झाकून ठेवणं आलं, धुतलेला पोळपाट परत पिठात घालणं आलं, आणि मग आवरायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साठ पोळ्यांपायी पाच जणींचा प्रत्येकी अर्धा तास जातो. फोन घेणाऱ्याला वाटतं आपण एक छोटीशी ऑर्डर घेतली. बाईला उशीर बाराला होतच नाही, तो अकराला फोनवर "हो" म्हटलं तेव्हाच झालेला असतो. शाळेच्या फाटकाशी लेकरू एकटं उभं राहणार हे त्या "हो"मध्येच ठरतं.

म्हणून साडेदहाला ऑर्डर बंद. सव्वादहाची परात मळताना थोडी जास्तीची धरतो, त्यातून साडेदहापर्यंतचं निभतं. त्यानंतर फोन वाजला तर जाऊबाई "उद्याची लिहून घेऊ का?" एवढंच विचारतात.

आणखी एक. आवराआवर हे काम आहे आणि ते बाराच्या आतलं आहे. आमच्या आसपास कितीतरी ठिकाणी 'काम' म्हणजे लाटणं-भाजणं, आणि घासणं-पुसणं म्हणजे जाता जाता उरकायची गोष्ट, असं धरतात. रोजची पंचवीस मिनिटं अशी फुकटात जातात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दहा तासांच्या वर भरतात, म्हणजे आठ-बारावालीचे अडीच दिवस.

सगळ्याच जणींना जास्तीचं काम नको असतं असंही नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि गणवेशाच्या वेळी निम्म्या तरी जणी तास मागत येतात. मागणारीला मिळावेत आणि न मागणारीला कुणी विचारू नये, हे दोन्ही जमवायला आम्ही फळा लावला. जिला पुढच्या आठवड्यात वरचे तास हवेत तिने शनिवारी आपलं नाव आणि वार लिहायचा. लिहिता येत नसेल तर आपल्या खुंटीवरचा रंगीत बिल्ला अडकवायचा. फळ्यावर नाव नसलेल्या बाईला थांबायचं विचारायचंच नाही, अगदी नम्रपणेसुद्धा. बाराला दहा मिनिटं कमी असताना, हात कणकेत असताना, बाकीच्या चौघी बघत असताना मालकिणीने "थांबशील का?" विचारलं तर त्याला बाई काय उत्तर देणार हे मालकिणीला आधीच माहीत असतं.

ठरलेल्या वेळेपुढच्या पहिल्या पाव तासापासून दीडपट दर लावतो. यावर आमच्या हिशेबतपासनिसांनी मला वेड्यात काढलं होतं. "कायद्याने लागत नाही," म्हणाले. बरोबर आहे त्यांचं, खरंच लागत नाही, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. आपल्या राज्याचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा २०१७ चा, त्या डिसेंबरात लागू झाला. त्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली, आणि मर्यादेपुढच्या कामाला दुप्पट मजुरी ठरवली. उत्तम. पण आठ ते बारा कबूल केलेल्या बाईला दोनपर्यंत थांबवलं तर तिचे तास होतात सहा. नऊ अजून कोसभर लांब. तिच्या वरच्या दोन तासांना कायद्याच्या लेखी 'जादा काम' हे नावच नाही. पूर्णवेळ माणूस मर्यादेच्या पुढे गेला की मालकाला खिशाची झळ बसते. अर्धवेळ बाईला मात्र पाच तास ताणलं तरी साध्या दरातच भागतं. मग कुणाला ताणणार, हे सांगायला नको.

त्यातून हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी. त्याखालच्यांनी नुसतं कळवायचं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर न्यायचं आणि दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर न्यायचं ठरवलं. आम्ही चौदा जणी. म्हणजे आमच्यासारख्यांवरचा उरलासुरला धाकही सुटला. धंदा करणाऱ्यांच्या गटात त्या दिवशी पेढ्यांची चित्रं फिरत होती. माझं मत विचाराल तर नोंदणीचे कागद कमी झाले याचा मलाही आनंद आहे, पण तास कागदात मोडत नाहीत.

फराळाची पार्सलं जर्मनीला मागवणारी आमची एक जुनी गिऱ्हाईक आहे. तिच्याशी बोलताना कळलं की हा घोळ तिथेही कोर्टापर्यंत गेला होता. डायलिसिसची सेवा देणाऱ्या एका संस्थेत अर्धवेळ काम करणाऱ्या दोघींचं म्हणणं असं, की आमच्या ठरलेल्या तासांपुढे गेलं की आम्हालाही जादा कामाचा वाढीव दर द्या. संस्था म्हणे, पूर्णवेळ माणसाचे तास भरून वर काम केलंत तरच देऊ. जुलै २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की तसं सबळ कारण नसेल तर ही अर्धवेळ कर्मचाऱ्यांना दिलेली कमी प्रतीची वागणूक आहे. मी ते आमच्या हिशेबतपासनिसांना ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पोळ्या युरोच्या भावाने विकता का?"

नाही विकत. शेजारच्या केंद्रापेक्षा आमची पोळी रुपयाने महाग आहे, तेवढंच.

या सगळ्याची खरी परीक्षा गणपतीत होते. उकडीचा मोदक आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही, उकड सुकते आणि पाकळ्या तडकतात. नैवेद्य दुपारच्या आरतीला हवा, म्हणजे सगळा माल साडेअकराच्या आत घरोघर पोचायला हवा. आणि त्याच सकाळी आमच्या बायकांच्या घरीही गणपती बसतो! बरेच जण पहाटे तीनपासून बायका बसवतात. आपल्या राज्याच्या त्या कायद्यात सकाळी सातच्या आधी बाईला कामावर बोलवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, ने-आण करण्याची सोय हवी. आम्ही ती भानगडच ठेवली नाही. सारण आदल्या दिवशी होतं, नारळ आदल्या दिवशी खोवून होतो, सकाळी सातला उकड निघते आणि साच्याविना हाताने जेवढे मोदक होतील तेवढ्याच ऑर्डरी घेतो. आकडा श्रावणातच ठरतो आणि भरला की वही बंद. दरवर्षी कुणीतरी दुखावतं. "इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी," असं ऐकवून एक काका जे गेले ते पुढच्या वर्षी श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात आगाऊ पैसे घेऊन आले.

दिवाळी त्या मानाने सोपी, कारण फराळ टिकतो. परदेशची पार्सलं नवरात्राच्या आधीच सुरू होतात, अनारशाचं पीठ तर त्याहून आधी. त्या काळात एक ते पाच अशी दुसरी पाळी लावतो आणि तिला बायका वेगळ्या घेतो. सकाळच्याच जणींना दुपारी ओढायचं नाही. चकलीच्या सोऱ्यावर चार तासांनंतर मनगट बोलायला लागतं, हे ज्याने सोऱ्या फिरवलाय त्याला सांगावं लागत नाही. नंतरच्या चकल्या तुटायला लागतात ते वेगळंच.

यात गेलंही बरंच. एका मोठ्या कार्यालयाच्या उपाहारगृहाचं रोजचं काम आलं होतं. आकडा असा होता की गाळा विकतच घेता आला असता. अट एकच, संख्या रोज अकरानंतर कळवणार आणि माल एकला हवा. जाऊबाईंनी रात्रभर कागदावर मांडून पाहिलं. अकरा ते एक अशी वेगळी पाळी लावावी, तर दोन तासांसाठी कोण येणार? म्हणजे शेवटी सकाळच्याच बायका थांबवणं आलं. कार्यालयवाल्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "सगळे करतात हो मॅडम, तुमच्याच बायका काय वेगळ्या आहेत?" काम दुसरीकडे गेलं. गाळा अजून भाड्याचाच आहे.

बायका मात्र टिकल्या. गाळा घेतला तेव्हा आलेल्या दोघी अजून आहेत, त्यातल्या एकीची सून आता भाजीच्या शेगडीवर असते. या धंद्यात हात बसलेली लाटणारी गेली तर नवी तयार व्हायला तीन-चार महिने जातात आणि तोवर गिऱ्हाईक पोळीचे काठ बघून नाक मुरडतं, हे हिशेबात धरलं तर दीडपट दर महाग पडत नाही.

सध्या डोकं खातोय तो मोबाइल. रात्री साडेनवाला गटावर "उद्या कोण लवकर येऊ शकेल?" असं टाकलं की ते सगळ्यांना विचारल्यासारखं दिसतं, पण ज्या निळ्या खुणा उमटतात त्यावरून कुणी वाचूनही उत्तर दिलं नाही हे सगळ्यांना कळतं. आमच्या फळ्याच्या नियमाला ही पळवाटच झाली. जाऊबाईंशी थोडं वाजलं यावरून. आता गट फक्त सुट्ट्या आणि पगाराच्या निरोपांसाठी ठेवलाय, आणि संध्याकाळी सातनंतर त्यावर आम्ही काही टाकत नाही.

धायरीला दुसरा गाळा बघतोय. तिथे संध्याकाळची पाळी सुरू करायची मागणी आहे, साडेचार ते साडेसात. त्यासाठी वेगळ्या सहा जणी मिळाल्या की सुरू करू, तोवर तिथेही सकाळच. ऑर्डरीची वेळ दोन्हीकडे साडेदहापर्यंत.