नव्वदावे पान

2 ऑगस्ट 2025, शनिवार. टिळक रस्त्यावरच्या आमच्या प्रवास-कार्यालयात शनिवारचे काम दुपारी अडीचला संपते. सव्वादोनला इटलीहून काकूंचा फोन आला, तेव्हा मी आवराआवरीला लागले होते. कोथरूडचे हे काका-काकू तीन महिने युरोपात होते आणि त्यांच्या व्हिसाचा अर्ज मीच भरला होता. काम साधे होते: सात तारखेला पहाटे मुंबई विमानतळावरून पुण्याला येण्यासाठी गाडी ठरवायची. मी चमकले, कारण माझ्या नोंदीप्रमाणे ते आजच, 2 तारखेच्या संध्याकाळी, रोमहून निघणार होते.

“अगं, यांनीच तिकीट चार दिवस पुढे ढकललं. उद्या महिन्याचा पहिला रविवार, फ्लॉरेन्समधली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. आज वहीचं नव्वदावं पान लिहिते, उद्या तो मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघते.”

काकू रोज एक पान लिहीत आणि त्यावर आकडा टाकत. 5 मे रोजी रात्री साडेदहाला त्या रोममध्ये उतरल्या. त्या दिवसाची एकच ओळ होती, पण पान पहिले. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, हिशेबही नेमका असाच चालतो. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, आणि पोचण्याचा दिवस, मग तो दीड तासाचा का असेना, व निघण्याचा दिवस हे दोन्ही त्यात धरतात. वहीचे नव्वदावे पान म्हणजे मुक्कामाचा शेवटचा दिवस.

काका फोनवर आले. बँकेत हयात घालवलेला माणूस, आकड्यांत चुकेल असे मलाही वाटले नसते. आणखी चार दिवस राहायला हरकत नाही, हे त्यांचे म्हणणे दोन आधारांवर उभे होते. एक, पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर 17 ऑगस्टपर्यंत अशी तारीख स्पष्ट छापलेली होती. दुसरे, क्रोएशियातले आठ दिवस मोजायचे नसतात, असे 2022 मध्ये जाऊन आलेल्या त्यांच्या स्नेह्यांनी सांगितले होते. स्नेह्यांचे खोटे नव्हते. पण 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि ती सवलत संपली. स्टिकरवरची तारीख ही व्हिसा वापरण्याची मुदत असते, तीत पंधरा दिवसांची जादा सूट धरलेली असते. राहायचे किती दिवस, हे त्याच स्टिकरवर वेगळ्या रकान्यात लिहिलेले असते. हा रकाना एप्रिलमध्ये पासपोर्ट हाती देताना मी त्यांना बोट ठेवून दाखवायला हवा होता. गर्दी होती, मी दाखवला नव्हता.

“चार दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे?” काकांनी विचारले. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा करावा लागतो, हे मी सांगितले. मुदतवाढ मिळते, पण अनिवार्य अडचण किंवा गंभीर वैयक्तिक कारण असेल तरच. फुकटचा रविवार त्यात बसत नाही. पलीकडे क्षणभर शांतता, मग काकूंचा आवाज आला: “मी बॅग भरते. तुम्ही बोलत बसा.”

तिथे पावणेअकरा वाजले होते. मूळ विमानात जागा उरल्या नव्हत्या. पॅरिसमार्गे दोन जागा दिसल्या, परंतु बाहेर पडण्याचा शिक्का तेव्हा शेवटच्या शेंगेन विमानतळावर बसायचा आणि पॅरिसहून पुढचे विमान रविवारी सकाळी होते. लंडनमार्गे तिकीट स्वस्त होते, पण तिथे नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला एरवी वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. शेवटी संध्याकाळी सातच्या सुमाराचे इस्तंबूलमार्गे जाणारे विमान सापडले; विमानतळाबाहेर पडायचे नसेल तर तिथे व्हिसा लागत नाही. भाडे ऐकून काका तीनदा “किती?” म्हणाले. फ्लॉरेन्सच्या घराचे चार दिवसांचे पैसेही बुडाले, त्याबद्दल त्यांनी मला आजतागायत पूर्ण माफ केलेले नाही, आणि तो राग मला अवाजवी वाटत नाही.

फ्लॉरेन्स ते रोम वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपास, तेर्मिनी स्थानकावरून विमानतळाला थेट गाडीने 32 मिनिटे. मी कार्यालयातच बसून राहिले. आपल्याकडचे रात्रीचे आठ वाजले तेव्हा काकूंनी पासपोर्टच्या पानाचे छायाचित्र पाठवले: गोलसर कोपऱ्यांचा शिक्का, बाहेर जाणारा बाण आणि 2 ऑगस्टची तारीख. खाली लिहिले होते, “डेव्हिड राहिला. यांना बोलू नकोस.”

मग आठवले की मूळ काम तसेच पडून आहे. गाडीवाल्याला फोन लावला आणि सांगितले, मुंबईहून दोन माणसे आणायची आहेत, उद्या सकाळी.