वादकांच्या पाठीमागची जागा

बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात मी वादकांच्या पाठीमागं बसून वाद्यवृंद ऐकला. लेक तिथं नोकरीला असते. "आबा, मागची तिकिटं स्वस्त आहेत, पण तुम्हाला तिथंच आवडंल," म्हणाली. पोरीनं बापाला बरोबर ओळखलं. गंगाखेडच्या आसपासच्या सप्त्यांत मृदंग वाजवण्यात माझं आयुष्य गेलं. बुवांचा चेहरा दिसला की चाल कुठं वळणार ते हाताला आधीच कळतं. इथं वाद्यवृंदाच्या संचालकाचा चेहरा थेट माझ्यासमोर होता. महागाच्या जागांवरून दिसत होती ती त्याची पाठ.

वास्तुकार हान्स शारून यांनी या सभागृहाच्या आराखड्याची १९५६ ची स्पर्धा जिंकली ती याच विचारावर. कुठंही गाणं-वाजवणं सुरू झालं की माणसं भोवती कोंडाळं करतात, मग सभागृहातच सगळ्यांनी एका बाजूला का बसायचं? म्हणून मंच मधे, आणि चहूबाजूंनी द्राक्षमळ्यासारखे चढत गेलेले खुर्च्यांचे टप्पे. २,४०० च्या वर लोक बसतात, तरी वादक लांब वाटत नाहीत.

पण अशा जागेत आवाज सांभाळणं अवघड. घुमटाखाली टाळ वाजवून बघा, एका जागी कान बसतात आणि दोन पावलं सरकलं की शब्द कळत नाही. म्हणून इथलं छत उलटं, तंबूच्या कापडासारखं आत झोळ घेतलेलं. आवाज एका जागी न साचता विखुरतो. टप्प्यांच्या बुटक्या भिंती तो जवळच्या जवळ परतवतात. ध्वनीचं हे काम लोथार क्रेमर यांचं. मंचावर टांगलेले वक्र फलक वादकांनाही एकमेकांचं ऐकू यावं म्हणून आहेत, हे कळलं तेव्हा मला भरून आलं. आमच्याकडं मंडपभर भोंगे लागतात, पण टाळकऱ्याला विणेकरी ऐकू येतो का, हे कोण विचारतं?

उणीव आहेच. माझ्या जागेवर पितळी वाद्यं व्हायोलिनवर चढत होती.

फिलहार्मोनीची आधीची जुनी वास्तू १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. ही १५ ऑक्टोबर १९६३ ला उघडली, तेव्हा बर्लिनची भिंत इथून हाकेच्या अंतरावर होती. बाहेरचा सोनेरी पत्रा शारून गेल्यावर चढला. २००८ मध्ये वेल्डिंग चालू असताना छताला आग लागली, पण दालन वाचलं.

परभणीकडं कुणी नवं सभागृह बांधायला काढलं, तर नकाशा पक्का होण्याआधी एक मृदंग आणि चार टाळकरी बोलवा. मी येईन.