मॅक्लिओडगंज, आई आणि खारट चहा
पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढं बस, आणि हिमाचलमधलं धर्मशाळा गाव सोडून वर मॅक्लिओडगंजकडं चढायला लागलो तशी आई म्हणाली, "हा तर आपला यवतेश्वरचा घाटच की रे!" पण वर पोचल्यावर साताऱ्याचं काही आठवेना. दलाई लामा १९५९ ला तिबेट सोडून भारतात आले आणि १९६० पासून इथंच राहतात, त्यामुळं गल्लीगल्लीत तिबेटी पाट्या, लाल वस्त्रातले भिक्खू.

मला सगळ्यात आवडला तो चुगलाखांग या बौद्ध मंदिराच्या अंगणातला भिक्खूंचा वाद, म्हणजे धर्मावरची प्रश्नोत्तरं. एक भिक्खू खाली बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो आणि टाकताना पाय आपटून जोरात टाळी वाजवतो, बसलेल्यानं लगेच उत्तर द्यायचं, भाषा ओ की ठो कळत नव्हती तरी आम्ही हललो नाही. (आपल्या पारावर असा वाद झाला तर मारामारीच होईल.) आईनं मंदिराभोवतीचा 'कोरा', म्हणजे तिबेटी लोकांची फेरी, पण केला, तोही उजवीकडूनच, आपल्या प्रदक्षिणेसारखा, म्हणून ती खूष.

थुक्पा (नूडल्स घातलेलं तिबेटी सूप) झकास. लोणी-मीठ घातलेला चहा मात्र आईनं एका घोटात माझ्याकडं सरकवला. मेन रोडवर ट्रॅफिक भयानक आहे, जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा.