रोज पोळा नसते

बारावीच्या सहामाहीत प्रश्न आला होता: ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाचा सामू काढा. सामू म्हणजे pH, द्रावणातल्या मोकळ्या हायड्रोजन आयनांवरून निघणारा आम्लपणाचा आकडा; जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्ल. मी एका ओळीत उत्तर लिहिलं, १. ०.१ चा लॉग घेतला, चिन्ह बदललं, काम खलास. पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर लाल शाईनं एवढंच होतं: "रोज पोळा नसते."

सन १९९६. दर्यापूरकडचं आमचं गाव, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्याचा चहा पाहुण्याच्या घशाखाली उतरायचा नाही. दहावीपर्यंत आम्ही मराठीतून शिकलो आणि अकरावीला एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आलं. रसायनाचे सर उंच आणि किडकिडीत, म्हणून आम्ही त्यांना मागून 'ब्युरेट' म्हणायचो, म्हणजे थेंब थेंब द्रव मोजून सोडायची ती उंच, बारीक काचेची नळी. त्यांना ते ठाऊक होतं, असा माझा दाट संशय आहे. सूत्र फळ्यावर इंग्रजीत, समजावणं मात्र अस्सल वऱ्हाडीत.

लाल शाईचा अर्थ विचारायला मी स्टाफरूममध्ये गेलो.

"काऊन रे, पोळ्याच्या दिवशी गावात घरी कोण रायते?"

"कोणीच नाही सर, सारे तोरणापाशी."

"हायड्रोक्लोरिकचा रोज पोळा असते. एकूण एक रेणू फुटून भायेर. अ‍ॅसेटिकचं तसं नाही. हजार माणसाचं गाव, त्यातले वेशीच्या भायेर तेरा. बाकीचे घरात. अन् ते तेराही तेच ते नाहीत. एक आत जाते, दुसरा भायेर येते. मोजले की तेराच भरतात."

तेरा हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. अ‍ॅसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक, म्हणजे त्याचे रेणू किती फुटतात ते सांगणारा आकडा, १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. त्याला तीव्रतेनं, म्हणजे ०.१ नं गुणलं आणि वर्गमूळ काढलं की हायड्रोजन आयनांची तीव्रता येते सुमारे ०.००१३४. हे वर्गमूळ आम्ही लॉगच्या पुस्तकातूनच काढायचो. त्या गुणाकाराचा लॉग उणे ५.७४४७, त्याचा निम्मा उणे २.८७, चिन्ह बदललं की सामू हातात. माझ्या १ च्या जागी २.८७.

फुटलेल्यांची तीव्रता क्ष धरली तर घरात उरतात ०.१ वजा क्ष, आणि या रीतीत मूळ सूत्राच्या छेदातल्या त्या ०.१ वजा क्ष मधला क्ष सोडून द्यायचा असतो. ते मला पटेना. गणितात एक क्ष गाळला म्हणून छडी खाल्ली होती आणि इथे राजरोस सोडायचा? सरांनी वर्गसमीकरण मलाच सोडवायला लावलं. अर्धा तास गेला, उत्तर आलं २.८७५. "त्या फरकासाठी अर्धा तास घालवला ना? आता कुठी सोडायचा अन् कुठी नाही ते शिक." हजारात पन्नासाच्या आत फुटत असतील तर सोडावा. आम्ल फार पातळ असेल तर सोडू नये, कारण पाणी घातलं की फुटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. दसपट पातळ केल्यावर तेराचे बेचाळीस होतात, पण सामू वाढतो अर्ध्यानंच, ३.३७ पर्यंत. शिवार मोठं झालं की बाहेर गेलेल्याला परतायला कोणी लवकर भेटत नाही, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं.

पण खरी गंमत प्रयोगशाळेत झाली. भारनियमनाचा दिवस होता, म्हणून शंकुपात्रं खिडकीपाशी आणून ठेवली. दोन पात्रांत दहा-दहा मिली आम्ल: एकात हायड्रोक्लोरिक, दुसऱ्यात अ‍ॅसेटिक, दोन्ही ०.१ मोलर. वर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब; आम्ल संपलं की ते गुलाबी होतं. ब्युरेटमध्ये आम्ल मारणारा, तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. सरांनी विचारलं, कोणाला किती लागेल? मी लगेच हिशेब केला. हायड्रोक्लोरिकला दहा मिली. अ‍ॅसेटिकचे बाहेर हजारी तेराच, तर दोन-तीन थेंबांत रंग यायला पाहिजे.

दोन-तीन थेंब पडले. गुलाबी उमटला, पात्र हलवताच गेला. एक मिली, तरी तेच. पाच मिलीला मला वाटलं बाटलीच बदलली. नऊ मिलीनंतर सर एकेक थेंब सोडू लागले, आणि दहाच्या रेघेशी फिका गुलाबी रंग आला तो टिकला. हायड्रोक्लोरिकलाही दहाच लागले होते.

"भायेरचे तेरा उचलले तं घरातले निंगतात. पुन्हा उचलले, पुन्हा निंगतात. सामू भायेरचे मोजते. हा," ब्युरेटवर टिचकी मारत, "सारं गाव मोजते." मागच्या बाकावर खसखस पिकली. सरही गालात हसले.

मी काही शास्त्रज्ञ झालो नाही. अंजनगावकडे ठिबकचं दुकान टाकलं. संत्र्याच्या बागेत नळ्यांना चुना धरतो, ड्रिपर बुजतात, मग पाण्यात आम्ल सोडून सामू चारच्या आसपास आणावा लागतो. शेतकरी विचारतो, "भाऊ, माह्या पाण्याचा सामू आठ, आम्ल किती टाकू?" नुसत्या आठवरून ते सांगताच येत नाही. मागच्या उन्हाळ्यात दोन विहिरींचं पाणी आलं होतं, दोन्हीचा सामू आठच. लिटरभर पाण्याला एकाला माझ्याकडचं पातळ आम्ल चार मिली लागलं, दुसऱ्याला नऊ. पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट आम्ल गिळत बसतो. इथं उलटं गाव असतं, येणाऱ्याला घरात ओढून घेणारं.

म्हणून काउंटरमागे स्टँडला एक ब्युरेट लावून ठेवली आहे. त्या दिवशी नऊ मिलीवाले काका कंटाळले. म्हणाले, "सामू तं कागदानं पाह्यला, आता हे थेंब थेंब काय पाहून रायला?"

"गावात घरं किती हायेत ते पाह्यतो काका," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मी पुढचा थेंब सोडला.